लिंकनला मत देणारा पुराणमतवादी : १८६४ ची निवडणूक आणि एका वकिलाची रोजनिशी

थ्रेड लांब आहे, सवडीने वाचावा.

८ नोव्हेंबर १८६४. अमेरिकेतील यादवी युद्धाला साडेतीन वर्षे उलटून गेली आहेत, लाखो माणसे मेली वा जायबंदी झाली आहेत, आणि अशा वेळी उत्तरेकडील राज्यांत राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी मतदान होत आहे. एका बाजूस अब्राहम लिंकन. दुसऱ्या बाजूस जॉर्ज मॅक्लेलन, ज्याला लिंकननेच दोन वर्षांपूर्वी सेनापतिपदावरून दूर केले होते. निकाल सर्वांस ठाऊक आहे. लिंकनला सुमारे २२ लाख मते, मॅक्लेलनला सुमारे १८ लाख; निर्वाचक मंडळात २१२ विरुद्ध २१.

आपल्याकडे या निवडणुकीची गोष्ट बहुधा एका वाक्यात उरकली जाते : लिंकनने गुलामांना मुक्त केले आणि कृतज्ञ जनतेने त्याला पुन्हा निवडून दिले. मला हे वाक्य मान्य नाही. ज्या मतांनी लिंकन तरला, त्यांतील फार मोठा वाटा अशा लोकांचा होता ज्यांना गुलामांच्या मुक्तीशी फारसे देणेघेणे नव्हते. काहींनी तर मुक्तीचे धोरण पसंत नसतानाही त्याला मत दिले. या मतदाराकडे आपण इतिहासाचे विद्यार्थी सहसा पाहतच नाही. तो ना नायक ठरतो, ना खलनायक. म्हणून तो गोष्टीतून गळतो.

प्रथम शब्दाविषयी. ‘पुराणमतवादी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सोवळे-ओवळे, वेदोक्त-पुराणोक्त असले काहीतरी उभे राहते. १८६० च्या दशकातील अमेरिकेत या विशेषणाचा रोख धर्मापेक्षा राज्यघटनेवर होता. जे राज्ययंत्र पूर्वजांनी घालून दिले ते जसेच्या तसे टिकावे, मालमत्तेला धक्का लागू नये, जमावाच्या हाती सत्ता जाऊ नये, आणि गुलामगिरीविरुद्ध ओरडणाऱ्या ‘माथेफिरूं’पासून तसेच ती पसरवू पाहणाऱ्या दाक्षिणात्यांपासून सारखेच अंतर राखावे, असे मानणारा तो पुराणमतवादी. जुन्या व्हिग पक्षातील वकील, व्यापारी, पेढीवाले, प्राध्यापक असे लोक यांत पुष्कळ होते. १८५० च्या दशकात तो पक्ष मोडला आणि ही मंडळी राजकीयदृष्ट्या बेघर झाली.

जॉर्ज टेम्पलटन स्ट्राँग हा त्यांपैकीच एक. जन्म १८२०, न्यूयॉर्कमधील वॉल स्ट्रीटवर वकिली. कोलंबिया कॉलेजात शिकत असताना, १८३५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी त्याने रोजनिशी लिहावयास घेतली आणि १८७५ मध्ये मरेपर्यंत तो ती लिहीत राहिला. चाळीस वर्षे! तिचे संपादित चार खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून त्या काळावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक इतिहासकार त्यांतून पाणी भरत आला आहे. मी ती वाचली ती परीक्षेच्या अभ्यासक्रमापायी, आणि खरे सांगायचे तर हा गृहस्थ मला आवडला नाही. आयरिश स्थलांतरितांविषयी तो जे लिहितो ते वाचवत नाही. तो उर्मट आहे, वर्गाभिमानी आहे. परंतु तो स्वतःशी खोटे बोलत नाही, आणि साधन म्हणून रोजनिशीचे मोल तेथेच ठरते.

१८५६ मध्ये त्याने गुलामगिरीविषयी आपले मत रोजनिशीत मांडून ठेवले आहे. गुलाम बाळगणे हे स्वतःमध्ये पाप नाही, असे तो म्हणतो. दक्षिणेतील गुलाम उत्तरेतील काळ्या लोकांपेक्षा सुखी आहेत, असेही म्हणतो. आणि त्याच दमात पुढे लिहितो की, जे कायदे गुलामाचा विवाह मानत नाहीत, त्याच्या कुटुंबाची ताटातूट करू देतात, त्याला माणूसपणाचे कोणतेच हक्क ठेवत नाहीत, ते आधुनिक इतिहासातील सर्वांत मोठे अपराध आहेत. ही दोन विधाने एकाच डोक्यात, एकाच दिवशी, शेजारी शेजारी नांदत होती. ज्यांना ऐतिहासिक व्यक्तींवर ‘पुरोगामी’ किंवा ‘प्रतिगामी’ अशी चिठ्ठी डकवून मोकळे व्हायचे असते, त्यांनी हे पान जरूर वाचावे.

लिंकनविषयीचे त्याचे मतही असेच दुपेडी. युद्ध सुरू झाल्यावर सैनिकांच्या आरोग्यासाठी व शुश्रूषेसाठी सॅनिटरी कमिशन नावाची संस्था निघाली आणि स्ट्राँग तिचा खजिनदार झाला. त्या निमित्ताने १८६२ च्या आरंभी त्याने वॉशिंग्टनमध्ये लिंकनला जवळून पाहिले. बाह्य संस्काराच्या दृष्टीने हा मनुष्य निव्वळ रानटी, असे त्याचे मत पडले. पण समंजस, सरळ, प्रामाणिक, आणि अँड्र्यू जॅक्सननंतरचा सर्वांत चांगला राष्ट्राध्यक्ष, असेही त्याने नोंदवले.

आता युद्धकालीन धोरणाकडे वळू. पुराणमतवादी मतदाराला लिंकनच्या कारभारात खटकणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन होत्या.

पहिली अटकांची. १८६१ च्या एप्रिलमध्ये लिंकनने काही भागापुरता हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बंदिवानाला न्यायालयापुढे हजर करवून घेण्याचा, हक्क स्थगित केला. सरन्यायाधीश टेनी यांनी मेरीमन खटल्यात हे घटनाबाह्य ठरवले. लिंकनने तो निर्णय मानला नाही. सप्टेंबर १८६२ मध्ये ही स्थगिती देशभर लागू झाली. मे १८६३ मध्ये ओहायोतील माजी काँग्रेस सदस्य क्लेमंट व्हॅलँडिगम यांना युद्धविरोधी भाषणाबद्दल लष्कराने घरातून उचलले, लष्करी न्यायाधिकरणाने शिक्षा दिली आणि अखेर त्यांना शत्रूच्या हद्दीत नेऊन सोडण्यात आले. एका वकिलाने हे सारे कसे पाहावे? येथे मी पुराणमतवाद्यांच्या बाजूने बोलतो. भाषणाबद्दल नागरिकाला लष्करी न्यायालयापुढे उभे करणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि त्याविरुद्ध बोलणारे सगळे देशद्रोही नव्हते. पळून जाणाऱ्या पोरसवदा सैनिकाला गोळी घालायची आणि त्याला पळण्यास चिथावणाऱ्या पुढाऱ्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही काय, हा लिंकनचा प्रतिवाद मनाला भिडणारा आहे. पण मनाला भिडणारा प्रतिवाद कायद्याला पुरेसा असतोच असे नाही.

दुसरी गोष्ट मुक्तीच्या घोषणेची. जुलै १८६२ मध्ये, तेव्हा सेनापती असलेल्या मॅक्लेलनने लिंकनच्या हाती एक पत्र ठेवले होते. युद्ध सैन्यांविरुद्ध असावे, लोकांच्या मालमत्तेविरुद्ध नसावे, आणि गुलामगिरीला हात लावू नये, असा त्याचा आशय. पुराणमतवादी युद्धनीतीचा हा जणू जाहीरनामाच. लिंकनने तो वाचला आणि अडीच महिन्यांत, २२ सप्टेंबरला, नेमके उलट केले : बंडखोर राज्यांतील गुलाम १ जानेवारी १८६३ पासून मुक्त. पुढे काळ्या सैनिकांची भरती सुरू झाली. युद्ध संपेपर्यंत ही संख्या सुमारे १ लाख ८० हजारांवर गेली.

तिसरी गोष्ट सक्तीच्या सैन्यभरतीची, आणि तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. कारण या युद्धाचा वर्गीय चेहरा येथे दिसतो.

मार्च १८६३ च्या कायद्याने चिठ्ठ्या टाकून भरती करण्याचे ठरले. ज्याचे नाव निघेल त्याच्यापुढे दोन पळवाटा होत्या : ३०० डॉलर भरून त्या फेरीपुरती सुटका करून घेणे, अथवा स्वतःच्या जागी बदली माणूस देणे. ३०० डॉलर म्हणजे साध्या मजुराची जवळपास वर्षभराची कमाई. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चिठ्ठ्या निघू लागल्या आणि १३ तारखेस शहर पेटले. चार दिवस दंगल चालली. गरीब गोऱ्यांचा, त्यांतही आयरिशांचा जमाव प्रथम भरतीच्या कचेरीवर गेला आणि मग काळ्या माणसांवर वळला. काळ्या अनाथ मुलांचा आश्रम जाळण्यात आला. मुले कशीबशी बाहेर काढली गेली. माणसांना दिव्यांच्या खांबांना लटकावून मारले गेले. शंभराहून अधिक लोक प्राणांस मुकले. त्या दिवसांत स्ट्राँग काही मित्रांसह सेंट निकोलस हॉटेलात बसलेल्या महापौराकडे आणि सेनाधिकाऱ्याकडे गेला व लष्करी कायदा पुकारा म्हणून हटून बसला. महापौराने सेनाधिकाऱ्याकडे बोट दाखवले, सेनाधिकाऱ्याने महापौराकडे. कायद्याच्या राज्याचा हा अभिमानी अखेर लष्करी कायदा मागू लागला, हे लक्षात ठेवावे. व्हॅलँडिगमच्या अटकेवर घटनेचे पुस्तक उघडणाऱ्या पुष्कळांनी त्या आठवड्यात ते मिटून ठेवले.

जुलै १८६४ मध्ये ३०० डॉलरची पळवाट बहुतेकांसाठी बंद झाली. राहिली फक्त बदली माणसाची. साहजिकच बदलीचे भाव कडाडले. त्या वर्षीच्या ऑगस्टच्या अखेरीस, वयाच्या ४४ व्या वर्षी, स्ट्राँगने विशीतला एक जर्मन तरुण ११०० डॉलरला ‘खरेदी’ केला. ही नोंद त्याने विनोदी सुरात केली आहे. आपला प्रतिरूप चांगला सैनिक होईल असे दिसते, असा काहीसा तो सूर. त्या तरुणाचे पुढे काय झाले, हे वाचकाला कळत नाही. गुलामांच्या बाजारामुळे पेटलेले युद्ध लढण्यासाठी माणसांचा असा एक वेगळा बाजार भरला होता. तो कायदेशीर होता, सौदा राजीखुशीचा होता, आणि तरीही ते पान वाचताना मन कचरते. संपूर्ण युद्धात चिठ्ठी निघून खरोखर सैन्यात गेलेले सुमारे ४६ हजार. बदली म्हणून गेलेले सुमारे १ लाख १८ हजार. बाकीचे बहुसंख्य स्वयंसेवक.

तर असा हा मतदार. १८६४ च्या उन्हाळ्यात त्याच्यापुढे काय चित्र होते? मे-जूनमध्ये ग्रँटच्या सैन्याने व्हर्जिनियात सहा-सात आठवड्यांत सुमारे ५५ हजार माणसे मृत, जखमी वा बेपत्ता गमावली आणि रिचमंड पडले नाही. शर्मन ॲटलांटासमोर अडकला. जुलैत दक्षिणेची एक तुकडी थेट वॉशिंग्टनच्या वेशीवर येऊन गेली. कागदी चलन एवढे घसरले की १०० डॉलरच्या सोन्यास २८५ कागदी डॉलर मोजावे लागत. स्ट्राँगच्या त्या ऑगस्टमधील नोंदी निराशेने काळवंडलेल्या आहेत.

अशा वेळी लिंकनने आगीत तेल ओतले असे त्याच्या मित्रांनाही वाटले. १८ जुलैला, नायगारा येथे आलेल्या दक्षिणेच्या तथाकथित शांतिदूतांना उद्देशून त्याने एक छोटे जाहीर पत्र लिहिले. त्यात शांततेच्या अटी दोन : राज्यसंघ पुन्हा अखंड व्हावा आणि गुलामगिरी सोडावी. दुसऱ्या अटीने उत्तरेतील पुराणमतवादी मतदार हादरला. म्हणजे आता आमची मुले राज्यसंघासाठी मरत नसून काळ्यांसाठी मरत आहेत काय, असा प्रश्न उघड विचारला जाऊ लागला.

हा प्रश्न सभ्यपणे विचारणारा एक माणूस होता चार्ल्स रॉबिन्सन. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे येथील संपादक, डेमोक्रॅट, पण युद्धाचा समर्थक. ७ ऑगस्टला त्याने लिंकनला लिहिले : मुक्तीची घोषणा आम्ही युद्धाचे साधन म्हणून मान्य केली, तिच्यामुळे शत्रू दुबळा होतो म्हणून तिचे समर्थन केले, परंतु तुमच्या या पत्राने युद्धाचा पायाच बदलला, आणि आमच्यासारख्यांना उभे राहण्यास जागा उरली नाही. ही धमकी नव्हती. वाट विचारणाऱ्या माणसाचे ते पत्र होते.

लिंकनने १७ ऑगस्टला उत्तराचा मसुदा केला. तो मसुदा म्हणजे लिंकनच्या राजकारणाचे आणि त्याच्या मनाचे एकाच कागदावर उमटलेले चित्र आहे. आरंभी तो म्हणतो, काळ्या सैनिकांना आम्ही स्वातंत्र्याचे वचन दिले आहे. ते मोडले तर ते आमच्यासाठी का लढतील? आणि शेवटी मात्र एक फट ठेवतो : दक्षिणेने गुलामगिरीविषयी काहीच न बोलता शांतता व ऐक्य देऊ केले तर मी काय करीन हे जाणून घ्यायचे असेल, तर तिच्या अध्यक्षाने मला अजमावून पाहावे.

दोन दिवसांनी, १९ ऑगस्टला, फ्रेडरिक डग्लस त्याच्या भेटीस आला. स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला, देशातील सर्वांत प्रभावी काळा वक्ता. लिंकनने त्याला मसुदा दाखवला. डग्लसने सांगितले, हे पाठवू नका. याचा अर्थ तुम्ही मुक्तीपासून मागे हटलात असाच घेतला जाईल. पत्र गेले नाही. त्याच दिवशी आलेल्या दुसऱ्या पाहुण्यांना लिंकनने सांगितले की काळ्या योद्ध्यांना पुन्हा गुलामगिरीत लोटण्याचा सल्ला मी मानला, तर इहलोकी आणि परलोकीही माझ्या कपाळी धिक्कारच येईल. २३ ऑगस्टला त्याने एका कागदावर लिहून ठेवले की आपण बहुधा हरणार. कागदाची घडी करून मंत्र्यांकडून न वाचताच त्यावर सह्या घेतल्या.

मला हा आठवडा त्या निवडणुकीतील सर्वांत महत्त्वाचा वाटतो, ॲटलांटापेक्षाही. कारण येथे मतदाराचे आणि नेत्याचे गणित उघडपणे विरुद्ध दिशांना गेले. मतदाराला दुसरी अट नको होती. नेत्याने ती काढली नाही. थोडी डगमग झाली, पण काढली नाही.

आता दुसऱ्या बाजूचे पुराणमतवादी पाहू. त्यांना आपण ओळखत नाही असे समजू नका. तारायंत्राच्या ‘मोर्स’ लिपीतले सॅम्युएल मोर्स त्यांतलेच. १८६३ मध्ये निघालेल्या, राजकीय ज्ञानाच्या प्रसाराचे नाव धारण करणाऱ्या एका संस्थेचे ते अध्यक्ष होते आणि तिच्या पत्रकांतून गुलामगिरीचे उघड समर्थन होत असे. माजी राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर मॅक्लेलनच्या बाजूने. मॅसॅच्युसेट्सचे जुने व्हिग रॉबर्ट विन्थ्रॉप मॅक्लेलनसाठी भाषणे देत फिरले. ‘घटना आहे तशी, राज्यसंघ होता तसा’ ही त्यांच्या पक्षाची घोषणा. विन्थ्रॉपसारख्यांचा प्रामाणिकपणा मला नाकारता येत नाही. परंतु ‘होता तसा’ या दोन शब्दांत चाळीस लाख माणसांचे काय होणार होते, हे त्या घोषणेने कधी सांगितले नाही. घोषणा काय बोलते यापेक्षा ती काय गाळते हे पाहावे, असे मला वाटते.

आणि प्रामाणिक नसलेलेही होते. १८६३ च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये एक निनावी पुस्तिका निघाली. वंशांचे मिश्रण झाल्यानेच मानवजातीची प्रगती होईल, म्हणून गोऱ्या-काळ्यांनी परस्परांत लग्ने करावी, असा तिचा उपदेश. वाचणाऱ्यास वाटावे, लिहिणारा कुणी कट्टर गुलामगिरीविरोधक असणार. प्रत्यक्षात ती ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या लिंकनविरोधी वृत्तपत्राशी संबंधित दोन पत्रकारांनी लिहिली होती. पुराणमतवादी मतदार भेदरावा एवढ्याचसाठी. वंशमिश्रणासाठी इंग्रजीत रूढ झालेला शब्दसुद्धा त्या लबाडीचेच अपत्य. खोटे साहित्य विरोधकाच्या नावे खपवण्याचा उद्योग आपल्याच पिढीने शोधला असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी ही नोंद.

२९ ऑगस्टला शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले. मॅक्लेलनला उमेदवारी मिळाली. पण जाहीरनामा व्हॅलँडिगमच्या हातचा. (हाच तो हद्दपार गृहस्थ; एव्हाना परतला होता.) चार वर्षांचे युद्ध फसले आहे, शस्त्रे खाली ठेवून बोलणी करावी, असा त्याचा रोख. दोनच दिवसांत, २ सप्टेंबरला, शर्मनचे सैन्य ॲटलांटात शिरले. युद्ध फसले म्हणणारी शाई वाळायच्या आत! दुसऱ्या दिवशी बातमी न्यूयॉर्कला पोहोचली आणि स्ट्राँगने आनंदाने लिहिले की राजकारणाच्या या घडीला ही घटना म्हणजे साऱ्या युद्धातील सर्वांत मोठी गोष्ट होय. ८ सप्टेंबरला मॅक्लेलनने स्वीकृतीच्या पत्रात स्वतःच्याच पक्षाच्या शांततेच्या कलमाकडे पाठ फिरवली. आता मतदाराने उमेदवारावर विश्वास ठेवावा की जाहीरनाम्यावर? त्यातून उपाध्यक्षपदाचा उमेदवार पेंडल्टन हा शांततावादी गटाचा.

स्ट्राँगसारख्याची निवड येथे पक्की झाली, आणि ती पूर्णपणे पुराणमतवादी निवड होती. निवडणुकीत हरलेल्या बाजूने बंदूक उचलावी आणि जिंकलेल्या बाजूने वाटाघाटीस बसावे, असे एकदा घडले की मग कोणतेच राज्य टिकत नाही, हा त्याचा मुद्दा. सुव्यवस्थेसाठी लिंकन हवा. मग त्या लिंकनबरोबर मुक्ती येत असेल तर येवो. जुन्या व्हिगांपैकी एडवर्ड एव्हरेट याच वाटेने गेले. १८६० मध्ये लिंकनविरुद्ध उपाध्यक्षपदासाठी उभे राहिलेला हा माणूस १८६४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधून लिंकनचा निर्वाचक होता. लिंकनच्या पक्षालाही आपला ग्राहक कोण हे ठाऊक होते. त्याने ‘रिपब्लिकन’ हे नाव त्या वर्षापुरते बाजूस ठेवून ‘नॅशनल युनियन’ असे नाव घेतले आणि उपाध्यक्षपदासाठी टेनेसीचा डेमोक्रॅट अँड्र्यू जॉन्सन निवडला, जो स्वतः एकेकाळी गुलाम बाळगून होता. त्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात मात्र गुलामगिरी घटनादुरुस्तीने कायमची नष्ट करावी अशी मागणी होती. नाव पुराणमतवाद्यांसाठी, कलम इतरांसाठी.

निकालात न्यूयॉर्क शहराने मॅक्लेलनला जवळपास दुप्पट मते दिली. राज्यात मात्र सुमारे ७ लाख ३० हजार मतांत लिंकन सात हजारांहून कमी मतांनी पुढे राहिला. सैनिकांची मते जेथे वेगळी मोजली गेली तेथे दर चारांपैकी तिघांहून अधिक लिंकनला. ज्या मॅक्लेलनवर त्यांनी जीव लावला होता, त्याला त्यांनी नाकारले. ९ नोव्हेंबरला स्ट्राँगने देवाचे आभार मानले आणि मतपेटीचा शोध लागल्यापासूनची ही सर्वांत निर्णायक निवडणूक असल्याचे लिहिले. द्रोहाचा व फुटीचा पराभव झाला याचा त्याला आनंद आहे. त्याच्या आनंदाचे कारण राज्य वाचले हे आहे.

परिणाम? गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती जून १८६४ मध्ये प्रतिनिधिगृहात पुरेशा मतांअभावी पडली होती. निवडणुकीनंतर, ३१ जानेवारी १८६५ ला, जुन्याच सभागृहाने ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर केली. राज्य वाचवण्यासाठी दिलेल्या मतांनी बेड्या तुटल्या.

पण त्या मतांची मर्यादाही लगेच दिसते. न्यूयॉर्कमध्ये काळ्या पुरुषाला मत द्यायचे तर २५० डॉलरची मालमत्ता असावी लागे. गोऱ्यास अशी अट नव्हती. ही अट काढण्याचा प्रस्ताव १८६० मध्ये, ज्या दिवशी राज्याने लिंकनला निवडले त्याच दिवशी, मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळला होता. युद्ध झाले. काळ्या सैनिकांची पलटण ५ मार्च १८६४ ला, स्ट्राँग ज्याच्या संस्थापकांपैकी होता त्या युनियन लीग क्लबच्या दारात निशाण स्वीकारून ब्रॉडवेवरून गेली. दंगलीला आठ महिनेही झाले नव्हते. आणि १८६९ मध्ये तोच प्रस्ताव पुन्हा मतदारांपुढे आला तेव्हा तो पुन्हा फेटाळला गेला. पुढच्या वर्षी पंधरावी घटनादुरुस्ती आली म्हणून अट गेली.

शेवटी आपल्या दारापाशी येतो, कारण या युद्धाचे दोन धागे इथवर पोहोचले आहेत. एक कापसाचा. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्याने मँचेस्टरच्या गिरण्यांना मुंबईच्या कापसाची गरज पडली, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि प्रेमचंद रायचंद व बॅकबेच्या शेअरांचे ते वेड १८६४ मध्येच ऐन भरात होते. युद्ध चालावे यात मुंबईच्या सटोडियांचे हित होते. १८६५ च्या वसंतात शांतता झाली आणि १ जुलैला, वायद्यांच्या दिवशी, बाजार झोपला.

दुसरा धागा जोतीराव फुल्यांचा. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले. काळ्यांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष वृत्तीबद्दल आणि आत्मत्यागाबद्दल. स्ट्राँगची रोजनिशी वाचल्यावर ‘निरपेक्ष’ हा शब्द अडतो. ११०० डॉलर मोजून बदली देणारा, गुलाम बाळगणे पाप नाही म्हणणारा हा मतदार निरपेक्ष नव्हता. मग जोतीराव भाबडे होते काय? मला तसे वाटत नाही. त्या अर्पणपत्रिकेचा खरा रोख आपल्या देशबांधवांवर आहे : त्यांनी हे उदाहरण पुढे ठेवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, अशी आशा जोतीराव तेथेच व्यक्त करतात. त्यांना अमेरिकन मतदाराचे मन तपासायचे नव्हते. पुण्यातील वाचकासमोर आरसा धरायचा होता. निरपेक्ष माणसे अमेरिकेत होतीही, डग्लसच्या सहकाऱ्यांत, स्वेच्छेने लढायला गेलेल्यांत. पण नोव्हेंबर १८६४ मध्ये बहुमत व्हावे इतकी ती नव्हती. उरलेली मते स्ट्राँगच्या वर्गाने आणि रॉबिन्सनसारख्या वाट विचारणाऱ्यांनी भरून काढली, आणि १८६९ च्या मतपेटीत त्यांतली पुष्कळ परत गेली.